बांधकाम कंपनीचा वर्षाचा हिशेब

श्रोतेहो, मोठ्या कंपन्यांच्या जमाखर्चाशी आपल्या भंडारा जिल्ह्यातील धान पिकविणाऱ्या गृहस्थास पूर्वी काही कर्तव्य नसे. आता तसे राहिले नाही. पुष्कळ कुटुंबांची शिल्लक म्युच्युअल फंडांच्या द्वारे अशा कंपन्यांच्या भागांत गुंतलेली असते. म्हणून बांधकाम कंपनीचा वार्षिक अहवाल कसा वाचावा, हे आज सांगावयाचे योजिले आहे.

उदाहरणादाखल लार्सन अँड टुब्रो ही कंपनी घेऊ. १९३८ साली दोन डॅनिश इंजिनियरांनी मुंबईत तिचा पाया घातला. ३१ मार्च २०२५ रोजी संपलेल्या वर्षात तिचे एकत्रित उत्पन्न २,५५,७३४ कोटी रुपये आणि निव्वळ नफा १५,०३७ कोटी रुपये झाला. म्हणजे रुपयामागे सुमारे सहा पैसे उरले. त्याच वर्षी ३,५६,६३१ कोटींची नवी कामे मिळाली, आणि वर्षअखेर ५,७९,१३७ कोटींची कामे हाती शिल्लक होती.

या आकड्यांनी दिपून जाण्यापूर्वी त्यांतील भेद ओळखला पाहिजे. हाती असलेले काम म्हणजे रोवणी झालेली बांधी. वर्षाचे उत्पन्न म्हणजे मळून झालेली रास. आणि वसुली म्हणजे धान विकून गाठीस आलेला पैसा. बांधीतील हिरवळ पाहून कोणी सावकाराचे देणे फेडू शकत नाही.

बांधकामात आणखी एक अडचण आहे. पूल पाच वर्षांनी पुरा होतो, हिशेब मात्र दरवर्षी द्यावा लागतो. म्हणून एकूण अंदाजी खर्चापैकी जितका खर्च झाला, तितक्या प्रमाणात काम झाले असे धरून उत्पन्न मांडतात. अर्थात अंदाज चुकला की मागे मांडलेला नफाही आटतो. अंदाज किती बदलतो, हे आपणांस दूर जाऊन पाहावयास नको. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी बसली, तेव्हा योजनेचा अंदाज सुमारे ३७२ कोटी रुपयांचा होता. पुढे तो अठरा हजार कोटींच्याही पलीकडे गेला. हे उदाहरण सरकारी योजनेचे आहे, कोणा कंपनीच्या ताळेबंदाचे नव्हे. परंतु लांबलेले काम हिशेब कसा बिघडविते, हे त्यावरून ध्यानी येईल.

आता विभागांकडे वळू. ज्या घरी धान, लाखोळी, दुभती जनावरे आणि तलावातील मासे अशा चार मिळकती आहेत, त्या घरचा शहाणा कर्ता चौघांचा हिशेब निराळा ठेवतो. या कंपनीचेही तसेच आहे. रस्ते, पूल, रेल्वे, पाणीपुरवठा आणि वीजवहन यांचा पायाभूत विभाग उत्पन्नात सर्वांत मोठा. पण त्यात रुपयामागे नफा थोडा. संगणकसेवेचा विभाग त्याहून लहान, तरी रुपयामागे त्याची कमाई पुष्कळ अधिक. म्हणून हाती असलेल्या कामांना एकूण उत्पन्नाने भागून ‘इतक्या वर्षांचे काम आहे’ असे म्हणणे फसवे होय. उत्पन्नात संगणकसेवा व कर्जव्यवहारही मिळविलेले असतात. शिल्लक कामे मात्र मुख्यतः बांधकामाची व ऊर्जेची असतात.

बांधून देणे आणि बांधून स्वतः चालविणे यांतही महदंतर आहे. पहिल्यात कामाचे पैसे मिळाले की कंपनी मोकळी होते. हैदराबादच्या मेट्रो रेल्वेत मात्र कंपनीने स्वतःचे व कर्जाचे भांडवल घातले, आणि ते तिकिटांतून दीर्घकाळाने परत यावयाचे होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये गाडी धावू लागली. २०२० साली महामारीत ती काही महिने बंद राहिली. व्याज मात्र एक दिवसही थांबले नाही. कंपनीच्या एकंदर नफ्याच्या आकड्यात ही ओढाताण दिसत नाही; त्या विभागाचे पान उघडले म्हणजेच दिसते.

एखादा विभाग चांगला असूनही घरात ठेवू नये, असाही प्रसंग येतो. चंद्रपूर जिल्ह्यातील आवारपूरचा सिमेंट कारखाना याच कंपनीचा होता. सिमेंटला भांडवल फार लागते आणि त्याचा भाव चढतो-उतरतो. २००४ साली तो व्यवसाय वेगळा झाला आणि अल्ट्राटेक या नावाने बिर्ला समूहाकडे गेला. कारखाना बंद पडला नाही. मालकी तेवढी बदलली.

तेव्हा श्रोतेहो, अहवाल हाती आला असता चार प्रश्न विचारावेत. नफा कोणत्या विभागाने मिळविला? कोणत्या विभागात भांडवल अडकले? नफ्याच्या मानाने रोकड खरोखर आली काय? आणि हाती असलेली कामे वेळेवर पुरी होत आहेत काय? या प्रश्नांची उत्तरे अहवालातच छापलेली असतात. मात्र ती पहिल्या पानावर क्वचितच सापडतात. आपल्या कष्टाचा पैसा गुंतविण्यापूर्वी पुढची पाने उलटण्याचे श्रम ज्याने त्याने अवश्य घ्यावेत.