ओल्या लाकडाचा हिशोब

मागच्या वेळी आपण चुलीतलं सरपण धुरकटतं का, ते पाहिलं होतं. आजचं विज्ञान तेच आहे, फक्त चुलीच्या जागी चिता आहे. तुमच्या घरात नुकतंच कुणी गेलं असेल, तर हा लेख आत्ता बाजूला ठेवा. नंतर कधीतरी वाचा.

आमचं गाव पाटण तालुक्यात. पाऊस लागला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. गावच्या पेठेत मर्तिकाच्या सामानाचं एक दुकान आहे. तिरडीचे कळक, सुतळी, पांढरं कापड, मडकं, गुलाल-बुक्का, राळ, कापूर, सवाष्ण असेल तर हिरवा चुडा, सगळं एका जागी मिळतं. मागच्या बाजूला पत्र्याची शेड आणि तिच्यात लाकूड. दुकान तिसऱ्या पिढीकडे आहे. आम्ही ज्यांना अण्णा म्हणतो ते आणि त्यांचा मुलगा ते चालवतात, कापडाचे तुकडे काकू फाडून ठेवतात. रात्री दोनला कडी वाजवली तरी दार उघडतं. आमच्याकडे शहरासारखी शववाहिनी आणि सगळी व्यवस्था करून देणारी माणसं नाहीत. जे काही आहे ते हे एक कुटुंब.

चार वर्षांपूर्वी, जुलैत, माझे आजोबा गेले. लाकूड भावकीनं आणलं. आमच्याच बांधावरचं आंब्याचं झाड पावसाआधी पडलं होतं, ते फोडून आणलं. आपल्याच रानातलं लाकूड म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. पण चिता पेटेना. राळ टाकली, तूप टाकलं, शेवटी कुणीतरी डिझेलचा कॅन आणला. डिझेल भडकायचं, पाच मिनिटांनी पुन्हा नुसता धूर. संध्याकाळी सहाला अग्नी दिला होता. रात्री दहा वाजताही काम अर्धवट होतं आणि वडील छत्री न घेता तिथंच उभे होते. मग चुलत्यांनी अण्णांना फोन केला. अण्णा आणि त्यांचा मुलगा छोट्या टेम्पोतून सुकं लाकूड घेऊन आले. जळती लाकडं बांबूनं सारून खाली वाट मोकळी केली, सुकी लाकडं आत सारली, वर दोन मोठे ओंडके ठेवले. अर्ध्या तासात ज्वाळा स्वच्छ झाली. पैशाचं विचारल्यावर म्हणाले, "तेरावं होऊ दे, मग बघू."

मी तेव्हा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात होतो. विषय जैवइंधनाचं ज्वलन, म्हणजे सोप्या भाषेत लाकूड, भुसा, गोवऱ्या कशा जळतात ते. तरी त्या रात्री मला काहीही सुचलं नव्हतं. नंतर मात्र कागद घेऊन बसलो.

तो हिशोब असा. साठ किलोच्या माणसाच्या शरीरात साधारण ३६ किलो पाणी असतं. हे पाणी आधी उकळून जायला हवं. त्याला लागणारी उष्णता सुमारे ९० मेगाज्यूल. चांगलं वाळलेलं लाकूड किलोला १५ मेगाज्यूलच्या आसपास उष्णता देतं. म्हणजे कागदावर सहा किलो लाकूड पुरे! शिवाय पाणी गेल्यावर शरीरातली चरबी स्वतःच जळते. तिची उष्णता लाकडाच्या अडीचपट, किलोला जवळपास ३९ मेगाज्यूल. दिव्याच्या वातीत तेल चढावं तशी वितळलेली चरबी कापडात आणि कोळशात शोषली जाते आणि सावकाश जळत राहते.

मग चितेला तीनशे किलो आणि कधी त्याहून जास्त लाकूड का लागतं? कारण चिता उघडी असते. तीनशे किलो सुक्या लाकडातून ४५०० मेगाज्यूल निघतात. त्यातले ते पाणी घालवायला लागणारे ९० म्हणजे फक्त दोन टक्के. उरलेली उष्णता बहुतेक गरम हवेबरोबर वर जाते, आणि निखाऱ्यांची धग चारी बाजूंना फेकली जाते. अण्णांनी वर ठेवलेले दोन ओंडके यासाठीच होते. ते झाकणाचं काम करतात. वर जाणारी धग अडवतात आणि स्वतः तापून ती खाली परत देतात. खालची मोकळी वाट हवेसाठी. चुलीत फुंकणीनं जे करतो, तेच इथं रचनेनं होतं.

आता ओलं लाकूड. ताज्या तोडलेल्या किंवा पावसात भिजत पडलेल्या लाकडात वजनाच्या निम्मं पाणी असू शकतं. तीनशे किलोत दीडशे किलो पाणी! शरीरातल्या पाण्याच्या चौपट पाणी आपण स्वतःच्या हातानं चितेवर रचतो. लाकडाचा जो भाग ओला आहे, तो पाणी जाईपर्यंत १०० अंशांच्या आसपास अडकून राहतो. लाकडातून जळणारा वायू मात्र अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे जोरात सुटायला लागतो. त्यामुळे कमी तापमान, अर्धवट ज्वलन आणि धूर. वरून ओतलेलं डिझेल पृष्ठभागावर जळून जातं, आतलं पाणी तिथंच राहतं. त्या रात्री आमचं नेमकं हेच झालं होतं.

इथपर्यंतचं विज्ञान मला येत होतं. पुढची गोष्ट मला दुकानात कळली.

गेल्या मे महिन्यात मी लाकडातली ओल मोजायचं छोटं मीटर घेऊन अण्णांच्या शेडमध्ये गेलो. त्याच्या दोन सुया लाकडात टोचायच्या, आकडा दिसतो. अण्णांची पद्धत वेगळी. दोन लाकडं एकमेकांवर आपटायची. खणखणीत वाजलं तर सुकं, बद्द वाजलं तर ओलं. टोकाला चिरा पडल्यात का ते बघायचं. दुपारभर आम्ही ओंडके तपासले. अण्णांचं आणि मीटरचं एकदाही वाजलं नाही.

मग मी विचारलं, "अण्णा, लाकूड तुम्ही वजनावर विकता ना?"

ते हसले. म्हणाले, "आत्ता कळला होय तुला धंदा?"

बघा, गोम इथं आहे. निम्मं पाणी असलेलं तीन क्विंटल लाकूड घेतलं आणि वर्षभर शेडमध्ये वाळवलं, की त्यातलं पाणी पंधरा टक्क्यांवर येतं. वजन उरतं पावणेदोन क्विंटल. म्हणजे प्रामाणिकपणे वाळवणाऱ्याचा जवळपास सव्वा क्विंटल माल हवेत जातो. जो ओलंच विकतो तो पाण्याचेही पैसे घेतो. आणि गिऱ्हाईक? ज्याचा बाप दारात ठेवलाय, तो लाकूड वाजवून बघत नाही. भावही करत नाही. करू नये असंच आपल्याला शिकवलेलं असतं. बाजारात इतर सगळीकडे गिऱ्हाईक दुकानदारावर लक्ष ठेवतं, इथं ठेवणारं कुणी नाही.

तरी अण्णा वाळवतात. मी कारण विचारलं. त्यांचं उत्तर अगदी साधं होतं. "माणसं ओळखीची आहेत रे. उद्या पेठेत समोरून यायचीत." शिवाय लोक "पाच क्विंटल द्या, कमी नको" म्हणतात, तेव्हा ते "तीन पुरे, सुकं आहे" असं सांगतात. कमी विकतात. एका दुकानदाराचा हा एक शब्द कितीतरी झाडं वाचवतो, आणि त्याची नोंद कुठंही होत नाही.

मग विद्युतदाहिनी का नको, असं तुम्ही म्हणाल. मोठ्या शहरात ती योग्यच आहे. पण भट्टीच्या आतल्या जाड विटा तापवायलाच बरीच ऊर्जा लागते. एकामागून एक दहन असेल तर ती उष्णता कामी येते. आमच्याकडे आठवड्यात एखाद-दुसरा मृत्यू होतो, म्हणजे दर वेळी भट्टी थंडीपासून सुरू, आणि पावसाळ्यात विजेचा भरवसा नाही. मधला मार्ग आहे. १९९२ मध्ये सुरू झालेल्या 'मोक्षदा' प्रकल्पात लोखंडी उंच जाळी आणि वर धुराडं असलेली रचना वापरतात. खालून हवा येते, धग कमी वाया जाते, आणि दीडशे-दोनशे किलो लाकडात काम होतं. कोल्हापूरकरांचा मार्ग अजून वेगळा. तिथं होळीला शेणी जाळण्याऐवजी स्मशानभूमीला दान करतात. पातळ, सच्छिद्र शेणी लवकर वाळतात, आणि होळीला मिळाल्या की पावसाच्या आधी कोरड्या साठवता येतात. वेळ साधणं हेच त्यातलं विज्ञान.

आमच्या गावासाठी मी ग्रामसभेत तीन गोष्टी मांडल्यात. लाकूड हिवाळ्यातच तोडून फोडून ठेवायचं, कारण फोडलेलं लाकूड अख्ख्या ओंडक्यापेक्षा खूप लवकर वाळतं. स्मशानात पत्र्याची, बाजूनं उघडी शेड बांधायची, म्हणजे पाऊस अडेल आणि वारा खेळेल. आणि चौथऱ्यावर जमिनीपासून हातभर उंच लोखंडी जाळी बसवायची. सरपंच "बघू" म्हणालेत. अण्णांनी मात्र जाळीसाठी लोहाराकडे मापं नेऊन दिलीसुद्धा. ती झाली की लाकूड अजून कमी खपेल, हे त्यांना पक्कं माहीत आहे.

मीटर मी त्यांच्याकडेच ठेवून आलो. मुलगा वापरतो म्हणे. अण्णा अजून लाकडं वाजवूनच बघतात.