रसायनाचा जमाखर्च

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरताना ते अधिक झाले व आम्लमिश्रित पाणी फरशीवर सांडले. चिरंजीवांनी खाण्याचा सोडा आणून शाळेतील ज्ञानाच्या बळावर सांगितले, "आम्लाच्या एका रेणूस सोड्याचा एक रेणू, झाले उदासिनीकरण!" त्यांची थोरली बहीण म्हणाली, "अरे, पण दोन्ही बाजू मोजल्यास का?" या प्रश्नातच सारे मर्म आहे.

रासायनिक समीकरण ही जमाखर्चाची वहीच होय. पदार्थ नव्याने उत्पन्न होत नाही व नाशही पावत नाही, हे तत्त्व फ्रान्समध्ये लाव्हाझिये यांनी १७८९ साली ग्रंथात मांडले. आम्ले व आम्लारी परस्परांस कोणत्या वजनी प्रमाणात उदासीन करितात, याचा हिशेब पुढे जर्मनीत रिश्टर यांनी मांडिला.

बॅटरीतील गंधकाम्ल, म्हणजेच सल्फ्युरिक आम्ल, हायड्रोजनाचे दोन अणू देऊ शकते. सोड्याचा रेणू त्यांपैकी एकच स्वीकारितो. म्हणून खरा हिशेब असा:

गंधकाम्ल १ + खाण्याचा सोडा २ = सोडियम सल्फेट १ + पाणी २ + कार्बन डायऑक्साइड २

वजनात पाहावयाचे तर ९८ ग्रॅम आम्लास ८४ ग्रॅम नव्हे, तर १६८ ग्रॅम सोडा लागतो. डावीकडील बेरीज २६६. उजवीकडे १४२, ३६ व ८८ मिळून तेवढेच २६६. वही जुळली! एकास एक घेतल्यास सोडियम बायसल्फेट उरते व फरशी आम्लधर्मीच राहते.

मुलांनी एक पथ्य पाळावे. समीकरण जुळविताना आकडा सूत्राच्या आधी लिहावा, सूत्राच्या पोटातील आकड्यास हात लावू नये. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनाचा एक अणू वाढविला, की ते पाणी न राहता हायड्रोजन पेरॉक्साइड होते. हिशेब जुळावा म्हणून मालच बदलणे हा प्रामाणिक व्यवहार नव्हे.

सांडलेले आम्ल किती, हे घरी कोण तोलणार? म्हणून सोडा थोडाथोडा टाकीत जावे; नवा सोडा टाकूनही फेस येईनासा झाला म्हणजे काम झाले. मात्र आम्ल अंगावर वा डोळ्यांत उडाल्यास सोड्याच्या नादी न लागता वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवावे व तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

त्या दिवशी चिरंजीवांनी निमूटपणे सोड्याचा डबा पुन्हा उघडला. परीक्षेतील एक गुण गेला तरी चालेल. पण राहून गेलेला तो 'दोन' घरात काय करू शकतो, हे त्यांस कळले, यातच आम्हांस समाधान आहे.