विहीर एकाची, खडक साऱ्या गावाचा

उन्हाळा तोंडावर आला की जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत बोअरच्या गाड्या फिरू लागतात. पाणाड्या जागा दाखवतो, मशीन लागते. पाणी लागलं तर देव पावला, नाही तर नुसता फुफाटा अन् डोक्यावर कर्ज. शेजाऱ्याला पाणी, आपल्याला धूळ, असं का होतं? पुण्याचे भूशास्त्रज्ञ डॉ. हिमांशु कुलकर्णी यांनी आपले संशोधन याच प्रश्नाभोवती केले.

पुणे विद्यापीठात त्यांनी दख्खनच्या खडकातील भूजलावर पीएच.डी. केली, तिथेच शिकवलेही. १९९८ साली सहकाऱ्यांसह ‘ॲक्वाडॅम’ ही संस्था काढून हे शास्त्र गावोगाव नेले. बाराव्या पंचवार्षिक योजनेसाठी नेमलेल्या भूजलविषयक कार्यगटाचे ते अध्यक्ष होते.

त्यांचे म्हणणे समजायला आपला खडक समजला पाहिजे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचत गेला, भाकरीच्या चवडीसारखा. काळा पाषाण अखंड असेल तर त्यात पाण्याला जागाच नाही. पाणी राहते ते भेगांत अन् सांध्यांत. मांजऱ्या खडक झिजलेला असला की पाणी धरतो. दोन थरांमधला तांबडा गेरू बहुधा पाणी खाली जाऊ देत नाही. म्हणून पन्नास पावलांवर नशीब बदलते. खोल गेले की पाणी लागतेच, हा समज खोटा.

पाणी धरणाऱ्या अशा थराला जलधर म्हणतात. तो बांध ओळखत नाही. दहा विहिरी एकाच जलधरावर असतील तर अकराव्याचा खोल बोअर दहांचे पाणी ओढतो. २००९च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमानेही ६० मीटर, म्हणजे सुमारे २०० फूट, ही खोल विहिरीची मर्यादा धरली आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे मराठवाडा विसरलेला नाही.

सरपंच, ग्रामसेवकांनी एवढे करावे: गावातील विहिरी-बोअरची खोली व लागलेले थर वहीत उतरवावेत. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे महिन्यांत पाण्याची पातळी मोजून चावडीवर लिहावी. बंधाऱ्याची जागा ठरवण्याआधी जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयातील भूवैज्ञानिकाला विचारावे. अखंड पाषाणावर अडवलेले पाणी मुरत नाही. अन् ऑक्टोबरची पातळी पाहून रब्बीचे पीक ठरवावे. बोअर आधी अन् हिशेब मागून, हा क्रम आता उलटा केला पाहिजे.