आशाताईंच्या पिशवीतलं सोनं

मैत्रिणींनो, सोनं म्हटलं की आपल्याला पिवळंच आठवतं. पण गरोदरपण तपासायच्या पट्टीवर जी गुलाबी रेघ उमटते, ती बहुतेक पट्ट्यांमध्ये सोन्याचीच असते! ही करामत नॅनो तंत्रज्ञानाची.

नॅनो म्हणजे किती लहान? एका मिलिमीटरचे १० लाख भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे १ नॅनोमीटर. पट्टीतला सोन्याचा कण साधारण ४० नॅनोमीटरचा. असे दोनेक हजार कण ओळीनं मांडले, तेव्हा कुठे आपल्या एका केसाची जाडी भरेल. सोनं इतकं बारीक झालं की लाल दिसतं. मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञांनी १८५७ मध्येच याचा अभ्यास केला होता.

पट्टी काम कशी करते? गर्भ राहिला की लघवीत एचसीजी नावाचं संप्रेरक येतं. लघवीचे थेंब सोन्याचे कण सोबत घेऊन पट्टीवर पुढे सरकतात. या कणांना एचसीजी धरून ठेवणारे जणू हात लावलेले असतात. ‘टी’पाशीही तसेच हात असतात. एचसीजी असेल तर कण तिथे अडकतात, गर्दी होते आणि रेघ दिसते. उरलेले कण पुढे ‘सी’पाशी अडकतात. म्हणून ‘सी’ची रेघ यायलाच हवी.

हे ध्यानात ठेवा:
• ‘सी’ची रेघ नाही, तर पट्टी बाद. नवी घ्या.
• ‘टी’ची रेघ फिकट असली तरी ती ‘हो’च समजा आणि आरोग्य केंद्रात जा.
• सकाळची पहिली लघवी घ्या. निकाल पाकिटावर दिलेल्या वेळेतच बघा.
• मुदत संपलेली पट्टी वापरू नका.
• एकच रेघ आली, पण पाळी आली नाही, तर काही दिवसांनी पुन्हा तपासा.

रक्तात फिरून आजार बरे करणारी इवलीशी यंत्रं अजून प्रयोगशाळेतच आहेत. त्यामुळे ‘नॅनो’ नाव सांगून कुणी महागडं औषध विकायला आलं, तर आधी डॉक्टरांना विचारा. ही पट्टी मात्र आशाताईंकडे मोफत मिळते. गरोदरपणाची नोंद पहिल्या १२ आठवड्यांत झाली, तर रक्त कमी आहे का, रक्तदाब वाढलाय का, हे वेळेत कळतं. गटातल्या सुना-लेकींना हे जरूर सांगा. लाजून दिवस घालवू नका.