रेंज येते कुठून?

घरात फोन लागत नाही. अंगणात आले की थोडे ऐकू येते. टेकाडावर चढले की चांगले बोलता येते. असे का होते? कुणी म्हणतो, "फोनच खराब आहे." कुणी म्हणतो, "कंपनीच लबाड आहे." खरे काय ते आपण समजून घेऊ.

मोबाइल फोन हा एक लहानसा रेडिओच आहे. आपण बोललो की तो हवेत लहरी सोडतो. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. फोनची ताकद थोडी. म्हणून त्या लहरी जवळच्या टॉवरपर्यंतच पोचतात. टॉवरवर उभ्या, लांबट पेट्या दिसतात ना? त्यांना अँटेना म्हणतात. तेच टॉवरचे कान आणि तेच तोंड. बहुधा त्या तीन दिशांना बसवतात. प्रत्येक पेटी आपापली दिशा सांभाळते.

टॉवरवर नगाऱ्यासारखे गोल काही दिसते. ते आपल्या फोनशी बोलत नाही. ते लांबच्या दुसऱ्या टॉवरशी बोलते. काही ठिकाणी या कामाला जमिनीत पुरलेली काचेची बारीक तार असते. तिला फायबर म्हणतात. रस्ता खणताना ती तुटली, की टॉवर उभा असूनही मुका होतो!

टॉवरचे प्रकार पुष्कळ आहेत. चार मुख्य प्रकार पाहू.

पहिला, जमिनीवरचा. लोखंडी, उंच. बहुधा ३० ते ५० मीटर. खेड्यापाड्यांत हाच दिसतो. मोकळ्या रानात त्याची रेंज काही किलोमीटर जाते.

दुसरा, गच्चीवरचा. शहरात इमारत मुळातच उंच. तिच्यावर आखूड खांब उभे केले की काम भागते.

तिसरा, विजेच्या किंवा दिव्याच्या खांबावरचा. हा अगदी लहान. बाजार, स्टेशन अशा गर्दीच्या जागी बसवतात. याची रेंज थोड्या अंतरापुरतीच.

चौथा, चाकांवरचा. हा गाडीवरून नेता येतो. मोठा मेळा भरला किंवा पूर आला, की तात्पुरता उभा करतात. २०२५ साली प्रयागराजच्या कुंभमेळ्यात असे टॉवर नेले होते.

आता रेंज अडते कुठे ते पाहू. खुंटीवर कंदील टांगला की घरभर उजेड पडतो. पण कणगीच्या मागे अंधारच राहतो. डोंगराच्या मागे रेंजचे तसेच होते. सह्याद्रीतल्या पुष्कळ वाड्या अशा 'कणगीमागे' आहेत. पत्र्याच्या घरातही लहरी नीट शिरत नाहीत.

लहरींतही फरक असतो. ढोल लांबून ऐकू येतो, टाळ जवळूनच. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी ढोलासारख्या लांब जातात. ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी टाळासारख्या. त्या जास्त माहिती वाहतात, पण लवकर विरतात.

कधी रेंज पुरी दिसते, तरी फोन लागत नाही. बाजाराच्या दिवशी एका हापशावर किती रांग लागते! टॉवरवरही तशीच गर्दी होते. आणि टॉवरला वीज लागते. वीज गेली की बॅटरी किंवा डिझेलचे जनरेटर त्याला चालवते. तेही संपले की टॉवर बंद.

हे कळून आपला काय फायदा? बाळंतिणीसाठी रात्री १०८ ची गाडी बोलवायची असते. तेव्हा रेंज ही चैन नसते. म्हणून ग्रामसभेत नुसते "रेंज नाही" म्हणू नका. कोणत्या वाडीत नाही, कोणत्या कंपनीची नाही, कायम नाही की वीज गेल्यावर जाते, हे लिहून ठराव करा. कारण प्रत्येक दुखण्याचे औषध वेगळे. कुठे नवा टॉवर हवा, कुठे नुसती नवी बॅटरी. रेंज नसलेल्या २४,६८० गावांत फोर-जी नेण्याची योजना केंद्र सरकारने २७ जुलै २०२२ रोजी मंजूर केली. आपले गाव तिच्यात आहे का, हेही विचारा.

संकटात ११२ नंबर लावून पाहा. आपल्या कंपनीची रेंज नसली, पण दुसऱ्या कंपनीची असली, तरी तो लागू शकतो.

शेवटी एक सावधगिरी. "तुमच्या शेतात टॉवर बसवतो, मोठे भाडे मिळेल, आधी फी भरा," असा फोन येतो. एक पैसाही देऊ नका! टॉवरवाली कंपनी जागेचे भाडे आपल्याला देते, आपल्याकडून फी मागत नाही. सरकारचा दूरसंचार विभागही असे पैसे घेत नाही. पैसे गेलेच, तर लाजू नका. लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.