पावशा ओरडला, पण जमीन भिजली का?

मे महिना सरत आला की पावशा दिवसभर ओरडत राहतो. 'पेरते व्हा, पेरते व्हा' असं तो सांगतो, हे आपण आजीकडून ऐकत आलो. मग घरोघर बियाण्याची घाई सुरू होते. आपल्या बचत गटांतही कर्जाची मागणी याच दिवसांत वाढते. पण एखादा पाऊस पडून पुढं त्यानं दडी मारली, तर ते बियाणं मातीत जातं. दुबार पेरणीला पुन्हा बियाणं, पुन्हा मजुरी आणि डोक्यावर पुन्हा कर्ज. म्हणून निसर्गाची कुठली खूण नेमकं काय सांगते, ते आज आपण समजून घेऊ.

पावशा हा कोकिळेच्या कुळातला पक्षी. त्याचं ओरडणं हे जोडीदारासाठी असतं. पावसाळ्यात अळ्या-किडे मुबलक होतात, पिलांना चारा मिळतो, म्हणून त्याची वीण याच सुमारास येते. स्वतः घरटं न बांधता त्याची मादी सातभाईच्या घरट्यात अंडं घालते. म्हणजे पावशा हंगाम जवळ आल्याचं सांगतो. आपल्या रानात ओल किती, हे त्याला कुठून ठाऊक?

चातकाचंही तसंच. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला हा पक्षी पावसाळी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेकडून येतो. तो दिसला की वारे जवळ आले म्हणायचं. पाऊस कुठल्या शिवारात पडणार, हे त्यावरून कळत नाही.

मृग नक्षत्र 7-8 जूनच्या सुमारास लागतं. पहिल्या सरीनंतर लाल मखमली मिरगाचा किडा मातीवर फिरताना दिसतो. आपण त्याला किडा म्हणतो, पण त्याला आठ पाय असतात. तो कोळ्याच्या नात्यातला. पिकाला तो काही करत नाही, उलट किड्यांची अंडी खातो. मुलांना सांगा, त्याला चिरडू नका. मात्र तो दिसला म्हणजे वरची माती भिजली, एवढंच समजायचं.

मग पेरायचं कधी? कृषी विभाग सांगतो, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर. म्हणजे साधारण तीन ते चार इंच. हे घरीही मोजता येतं. सरळ उभ्या कडांचा डबा अंगणात उघड्यावर ठेवा, झाडापासून आणि वळचणीपासून लांब. रोज सकाळी ठरलेल्या वेळी पट्टी बुडवून मोजा, लिहून ठेवा आणि पाणी ओतून द्या. चार-आठ दिवसांची बेरीज करा. शिवाय रानात खुरप्यानं उकरून बघा. वीतभर खोल ओल लागली, तरच पिशवी फोडा.

एक खूण मात्र अशी आहे की ती दिसली की थांबायचं नाही. पहिल्या वळवाच्या पावसानंतर दिवस मावळताना कडुनिंबावर, बाभळीवर तपकिरी भुंगेरे जमतात. हे हुमणीचे भुंगेरे. रात्री ते पाला खातात आणि पहाटे परत जमिनीत जातात. मादी मातीत अंडी घालते आणि पुढं त्यांच्या अळ्या ऊस, भुईमूग, सोयाबीनची मुळं कुरतडतात. अंधार पडल्यावर फांद्या हलवा, खाली पडलेले भुंगेरे गोळा करा आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. एकीनंच केलं तर शेजारच्या बांधावरचे उडून येतील. सगळ्या वाडीनं मिळून चार संध्याकाळी केलं, तर उपयोग होतो.

मैत्रिणींनो, गटाच्या हिशोबाच्या वहीशेजारी अजून एक वही ठेवूया. पळस कधी फुलला, बहावा कधी पिवळा झाला, पावशा पहिल्यांदा कधी ऐकला, भुंगेरे कधी आले, डब्यात पाणी किती, सुगरणीनं खोपा कधी विणायला घेतला, पाऊस सरल्यावर शेपटी हलवणारा धोबी कधी परतला. तारीख टाकून एक-एक ओळ लिहायची. जिला लिहिता येत नाही तिनं सांगायचं, दुसरीनं लिहायचं. तीन-चार वर्षांत आपल्याच शिवाराचं पंचांग तयार होईल. मग बियाण्याचं कर्ज मागताना बैठकीत पहिला प्रश्न हाच विचारायचा, 'डब्यात किती भरलं?'