कोरड्या डोळ्यांसाठी मोठे भिंग : घेण्यापूर्वी काय पाहावे?



जमिनीतली ओल हटली की पीक माना टाकते, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. डोळ्याचेही तसेच आहे. पापणी मिटते-उघडते तेव्हा आसवांचा पातळ थर बुबुळावर पसरतो. त्या ओलीवर बुबुळ निरोगी राहते आणि नजर साफ राहते. ही ओल आटली की डोळ्यात वाळू गेल्यासारखे खुपते, उजेड सोसत नाही, दिसणे धूसर होते. दुखणे फार वाढले तर बुबुळाला जखमा होऊन दृष्टी जाण्याची भीती असते.

मळणीच्या धुळीने दोन दिवस डोळे चुरचुरणे वेगळे आणि हा आजार वेगळा. हा लेख आहे तो ज्या घरात थेंब घालून घालून माणूस थकला आहे आणि डॉक्टरांनी ‘स्क्लेरल लेन्स’चा विचार करा असे सांगितले आहे, त्या घरासाठी. मी शेतीखात्यातला माणूस. डोळे तपासणे माझे काम नव्हे. पण खर्च करण्यापूर्वी काय विचारावे, हे माहीत असलेले बरे.

ओल कशाने आटते?

कारणे अनेक आहेत. काहींच्या शरीरातील रोगप्रतिकारक शक्ती आपल्याच अश्रुग्रंथींवर उलटते. त्याला श्योग्रेनचा आजार म्हणतात. तो बायकांत जास्त आढळतो. डोळ्यांबरोबर तोंडही कोरडे पडते, सांधे दुखतात. दुसरे कारण औषधाची तीव्र प्रतिक्रिया. सल्फाच्या किंवा फिट्सवरच्या काही गोळ्यांनी क्वचित एखाद्याच्या अंगावर, तोंडात आणि डोळ्यांत फोड येतात. जीव वाचला तरी डोळे कायमचे कोरडे राहू शकतात. स्टीव्हन्स-जॉन्सन हे त्या आजाराचे नाव.

तिसरे कारण आपल्या घरात आणि बागेत आहे. ते म्हणजे चुना. बोर्डो मिश्रणासाठी चुना विरवताना तो उसळतो. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा डबी दाबताना तो लेकरांच्या डोळ्यांत उडतो. चुना नुसता वरवर भाजत नाही, आत आत शिरत जातो. असे झाले तर तूप, दूध, मध काहीही न घालता त्याच क्षणी भरपूर स्वच्छ पाण्याने निदान अर्धा तास डोळा धुवा, पापणी उलटून चुन्याचे कण काढा आणि लगेच डोळ्यांच्या दवाखान्यात न्या. चुना विरवताना चष्मा लावाच. नंतरच्या कोणत्याही भिंगापेक्षा हा चष्मा स्वस्त.

हे भिंग असते तरी कसे?

बुबुळाची रुंदी सुमारे १२ मिलिमीटर असते. बाजारातले नेहमीचे मऊ भिंग साधारण १४ मिलिमीटरचे असते आणि ते बुबुळावरच टेकते. कोरड्या डोळ्यात ते टोचू शकते. स्क्लेरल भिंग कडक आणि मोठे, साधारण १५ पासून २० मिलिमीटरच्या पुढेही असते. ते बुबुळाला न शिवता भोवतीच्या पांढऱ्या भागावर बसते. बसवण्यापूर्वी त्यात निर्जंतुक सलाइन काठोकाठ भरतात. म्हणजे बुबुळासमोर दिवसभर पाण्याचे तळे राहते. वारा लागत नाही, पापणी घासत नाही, आणि खडबडीत झालेले बुबुळ या पाण्याने सपाट झाल्यासारखे होऊन दिसणेही सुधारते.

कल्पना जुनी आहे. १८८८ साली झुरिकचे डॉक्टर अडॉल्फ फिक यांनी काचेच्या अशा भिंगांविषयी लिहिले होते. पण काचेतून प्राणवायू जात नाही, म्हणून ती फार वेळ घालता येत नसत. आजची भिंगे प्राणवायू आरपार जाऊ देणाऱ्या प्लॅस्टिकची असतात, म्हणून ती दिवसाचे बरेच तास चालतात.

एक गोष्ट मनाशी पक्की ठेवा. या भिंगाने आजार बरा होत नाही, आटलेले आसू परत येत नाहीत. भिंग काढले की डोळा पुन्हा कोरडा. मूळ आजाराचे औषध चालूच ठेवावे लागते.

आधीच्या पायऱ्या चुकवू नका

२०१७ साली जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून कोरड्या डोळ्यांच्या उपचारांचा क्रम मांडला. त्यात हे भिंग तिसऱ्या पायरीवर आहे. त्याआधी साधे थेंब, मग टिकाऊद्रव्य नसलेले थेंब, सूज उतरवणारी औषधे, आसवांचा निचरा होणाऱ्या छिद्रांना बूच बसवणे हे उपाय येतात. शेताचा बांध घातल्याशिवाय विहीर खोदू नये, तसेच हे.

तपासणीही नीट झालेली असावी. पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून ५ मिनिटांत ती किती भिजते ते पाहतात. ५ मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर ओल फारच कमी समजावी.

निवड करताना

पहिले, हे भिंग तयार मापाचे घेऊ नये. डॉक्टरांकडे वेगवेगळ्या मापांचा चाचणी-संच असतो. त्यातले भिंग घालून बराच वेळ बसवून ठेवतात, कारण ते हळूहळू खाली रुतते. पाच मिनिटांत माप घेऊन मोकळे करणाऱ्याकडे जाऊ नका.

दुसरे, भिंग आणि बुबुळ यांमधले अंतर विचारा. ते मिलिमीटरच्या काही दशांशांइतकेच असते. फार कमी असेल तर भिंग बुबुळाला टेकेल; फार जास्त असेल तर प्राणवायू कमी पोहोचेल.

तिसरे, कड पाहून घ्या. ती पांढऱ्या भागावरच्या रक्तवाहिन्या दाबत नसावी आणि उचललेलीही नसावी.

चौथे, घालण्या-काढण्याचे शिक्षण दवाखान्यातच घ्या. मान पूर्ण खाली घालून भिंग बसवतात, रबरी चोखणीने काढतात. आत हवेचा बुडबुडा राहिला तर काढून पुन्हा भरावे लागते. संधिवाताने बोटे वाकडी झाली असतील तर घरातल्या सुनेने किंवा मुलाने सोबत शिकावे. रोज मदत करणारे कोणी नसेल तर आधी तो विचार करा.

पाचवे, खर्च कागदावर लिहून घ्या. एका डोळ्याचे किती, माप बदलावे लागले तर किती, फेरतपासण्या किती आणि दर महिन्याचे सलाइन व साफ करण्याचे द्रावण किती? भिंग जन्मभर पुरत नाही, हेही हिशेबात धरा.

विहिरीचे पाणी नको

एका बैठकीत एका मावशींनी विचारले, “साहेब, आमच्या विहिरीचं पाणी गोड आहे. गाळून, उकळून घेतलं तर भिंग धुवायला चालायचं नाही का?”

“नाही मावशी,” मी म्हटले, “प्यायला चालेल, भिंगाला नाही.”

विहिरीच्या, नळाच्या पाण्यात आणि मातीत अकान्थअमिबा नावाचा सूक्ष्म जीव असतो. तो भिंगाखाली गेला तर बुबुळ पोखरतो आणि उपचार महिनोन्‌महिने चालतात. म्हणून हात साबणाने धुऊन स्वच्छ कापडाने पूर्ण कोरडे करूनच भिंगाला लावावेत. भिंगात भरायचे सलाइन टिकाऊद्रव्य नसलेलेच हवे. उघडलेली कुपी उद्यासाठी ठेवू नका. भिंग घालून झोपू नका, पोहू नका. दुपारी धूसर दिसू लागले तर काढून, धुऊन, नवे सलाइन भरून पुन्हा बसवता येते. फवारणी, कडबा कापणी, मळणी या वेळी वरून बंद चष्मा हवाच. भिंग म्हणजे औषधापासून संरक्षण नव्हे.

डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा नजर अचानक कमी झाली तर भिंग काढा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पेरणी असली तरी.

कोठे जावे?

आधी जिल्ह्याच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्रविभागात दाखवून चिठ्ठी घ्या. हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था आणि चेन्नईचे शंकर नेत्रालय येथे अशा भिंगांचे काम होते. ऐपत नसेल तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात संकोच न करता विचारा. एकदा नव्हे, फेरतपासणीसाठी चार वेळा जावे लागेल, हे धरूनच घरात बसून निर्णय घ्या. ज्याच्या डोळ्याचा प्रश्न आहे त्याला, मग ती घरची म्हातारी असो की सून, त्या बोलण्यात बसवा. रोज सकाळी ते भिंग त्यांनाच घालायचे आहे.